१९८४ च्या गाडीचा तडकलेला डॅशबोर्ड – कामाच्या नोंदी

८ मार्च, शनिवार

आज हातात पाना न घेता नुसतं बघून घेतलं. मोठ्या भेगा पाच. सगळ्यात लांब ३१ सेंटिमीटर, स्पीकरच्या जाळीच्या कोपऱ्यातून निघून थेट मीटरच्या छपरापर्यंत गेलेली, रुंदी मधोमध ६ मिलिमीटर. बाकीच्या चार लहान आहेत पण सगळ्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातूनच सुरू झाल्यात, एसीच्या जाळीचा कोपरा, काचेवर हवा मारायच्या फटीचं टोक वगैरे. सपाट मोकळ्या जागेत एकही नाही. ताण कोपऱ्यात गोळा होतो आणि तिथूनच फाटतं, शर्टाचा खिसा जसा कोपऱ्यातून उसवतो तसं.

आता कबुली. हे काम मी गेल्या वर्षी एकदा करून बसलोय. गाडीतच बसून, डॅशबोर्ड न काढता, बॉडीच्या पत्र्याला लावतात ती कडक लांबी (पुट्टी) भेगेत भरली, घासली, वरून काळा स्प्रे मारला आणि स्वतःवर जाम खूश झालो. दोन महिन्यांत त्या लांबीला अगदी चिकटून, २ मिलिमीटरवर, नवीन भेग. लांबी जागच्या जागी दगडासारखी ठणठणीत आणि शेजारचं व्हिनाइल फाटलेलं. म्हणजे आता एकाच्या दोन. त्यामुळे या वेळी सगळं खाली उतरवून करायचं, घाई नाही, आणि लिहून ठेवायचं.

एक गोष्ट आधीच सांगतो, माझ्या गाडीत एअरबॅग नाही म्हणून मी बिनधास्त आहे. ज्यांच्या डॅशबोर्डात समोरच्या सीटची एअरबॅग आहे त्यांनी त्या झाकणावर किंवा त्याच्या आसपास काहीही भरू नका, चिकटवू नका, रंगाचे थरही चढवू नका. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटायलाच केलेलं असतं.

९ मार्च, रविवार

उतरवला! सकाळी नऊला सुरू केलं, संध्याकाळी सहा वाजले.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग ग्लोव्ह बॉक्स, बटणं, रेडिओ, मीटरची चौकट. मीटरमागे स्पीडोमीटरची केबल असते, ती आधी सोडवायची, मी मीटर ओढत बसलो आणि येईना म्हणून अजून ओढला, नशीब केबल तुटली नाही. स्टीअरिंगच्या दांड्याचे चार नट सैल करून तो सीटवर टेकवला. तरी डॅशबोर्ड हलेना. डावीकडून हलतो, उजवीकडे घट्ट. पाऊण तास टॉर्च तोंडात धरून शोधल्यावर सापडलं, स्पीकरच्या जाळीखाली एक स्क्रू, धुळीने इतका भरलेला की स्क्रूचं डोकं आहे हेच कळत नव्हतं.

स्क्रूंसाठी केलेली युक्ती कामाची आहे म्हणून लिहितो. मोठ्या पुठ्ठ्यावर डॅशबोर्डचं चित्र काढलं आणि जिथला स्क्रू तिथेच पुठ्ठ्यात खोचला. पिशव्या, डबे, चिठ्ठ्या काही नाही. वायरच्या प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून एकच आकडा लिहिला, २३ जोड निघाले. फोटो तर काढलेच, पण फोटोत सगळ्या वायरी सारख्याच दिसतात हे जोडताना कळतं.

चासी नंबरची पट्टी डॅशबोर्डवर रिव्हेट मारलेली आहे. ती काढायची नाही. तशीच टेपने झाकून ठेवलीय आणि काम संपेपर्यंत झाकलेलीच राहणार.

उलटा करून खालून बघितला तेव्हा रचना कळली. सगळ्यात खाली पत्र्याचा सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेनचा फोम दीड-दोन सेंटिमीटर, त्यावर व्हिनाइलचं कातडं, जेमतेम मिलिमीटरभर. भेगांखालचा फोम पिवळा पडून भुगा झालाय, बोट लावलं की पिठासारखा गळतो. पत्र्यावर दोन ठिकाणी गंज, पण वरवरचाच.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी दोन तास फक्त धुणं.

हे व्हिनाइल म्हणजे मुळात पीव्हीसी. नुसतं पीव्हीसी पाण्याच्या पाइपासारखं कडक असतं, त्याला मऊ करायला त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर मिसळतात (१९२६ मध्ये वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने पीव्हीसी असं मऊ करून दाखवलं, तेव्हापासून हे चालूय). पण ते प्लास्टिसायझर पीव्हीसीला पक्कं बांधलेलं नसतं, उन्हाने हळूहळू बाहेर पडतं. बंद गाडीच्या पुढच्या काचेवर आतून जो तेलकट धुरकट थर बसतो, पुसला तरी महिन्याभरात परत येतो, त्यात बराचसा भाग याचाच. म्हणजे इतकी वर्षं आम्ही फडक्याने काचेवरून पुसत होतो तो डॅशबोर्डच होता. ते निघून गेलं की कातडं कडक होतं आणि आकसतं, खाली चिकटलेलं असल्यामुळे आकसायला जागा नसते, मग फाटतं.

बरं, धुण्याचं. बाबांनी ही गाडी तीसेक वर्षं जीवापाड सांभाळली आणि दर रविवारी डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश मारलं. सिलिकॉनचं. त्याने कातडं वाचलं की नाही देव जाणे, पण रंग चिकटू न द्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आधी भांड्याच्या साबणाने मऊ ब्रशने घासलं, सुकवलं, मग रंगकामाआधी वापरतात ते मेण-ग्रीस काढायचं द्रावण. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं, ओल्याने पुसायचं आणि ते उडून जायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायचं. नुसतं ओलं फिरवून सोडलं तर सिलिकॉन तिथल्या तिथे सरकतं, निघत नाही. आणि हे सगळं पॉलिश पेपर लावायच्या आधी! आधी घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं.

चार वेळा केलं. पाण्याचा थेंब टाकून बघतोय, अजून मोत्यासारखा गोल उभा राहतो. पसरायला पाहिजे.

१५ मार्च, शनिवार

आणखी दोन वेळा पुसल्यावर थेंब पसरायला लागला. निदान मला तसं वाटलं, पुढचं पुढे.

आजचं काम जीवावर आलं होतं. भेगेच्या कडा उन्हात वाळलेल्या चिखलाच्या पापुद्र्यासारख्या वर वळल्यात, ३-४ मिलिमीटर. हेअर ड्रायरने गरम करून दाबून बघितल्या, गरम असेपर्यंत बसतात, गार झाल्या की पुन्हा माना वर. त्यामुळे जेवढं कातडं वर आलंय तेवढं कापूनच टाकायचं. ६ मिलिमीटरची भेग कापता कापता जवळपास ३ सेंटिमीटरची झाली. बायको डोकावून म्हणाली, "दुरुस्त करतोयस ना नक्की?"

कापल्यावर कडा तिरप्या घासल्या, व्ही आकाराच्या, म्हणजे भराव्याला धरायला जास्त जागा मिळते. भेगांच्या टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, टोकदार भेग पुढे पळते, गोल भोकात ताण वाटला जातो. कात्रीने कापड फाडताना शेवटी गोल काज केलं तर पुढे फाटत नाही, तोच प्रकार.

आतला भुगा झालेला फोम चांगला फोम लागेपर्यंत उकरून काढला. पत्र्याचा गंज तारेच्या ब्रशने घासून प्रायमर लावला.

१६ मार्च, रविवार

आज पोकळ्या भरल्या. डब्यातला फुगणारा फोम मारला, एकाच दमात, तळापासून वरपर्यंत. रात्रीपर्यंत वरून छान कडक झाला. ब्लेडने कातड्याच्या पातळीच्या ५-६ मिलिमीटर खाली कापून घेतला. सोपं होतं की!

१९ मार्च, बुधवार

सोपं नव्हतं.

डॅशबोर्ड दिवसभर उन्हात ठेवला होता, संध्याकाळी बघतो तर मोठ्या भेगेच्या मधोमध टेंगूळ. सुरी घातली तर आतून मधासारखा चिकट फोम बाहेर आला. हा एका डब्यातला फोम हवेतल्या ओलाव्यावर वाळतो, वरचा थर वाळला की आत ओलावा पोचतच नाही, आणि ऊन लागलं की आतला कच्चा माल पुन्हा फुगायला लागतो. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं पण आहे, थरांनी मारा आणि मध्ये पाण्याचा फवारा द्या. डबा वाचायची सवय आपल्याला कुठे.

सगळं उकरलं. हाताला लागलेला तो चिकटा चार दिवस जात नाही, हातमोजे घालाच.

परत भरला, या वेळी बोटभर थर, पाण्याचा हलका फवारा, रात्रभर थांबायचं, मग दुसरा.

२२ मार्च, शनिवार

फोम पक्का झाला, सुईने चार ठिकाणी टोचून खात्री केली. आता मुख्य भराव.

गेल्या वर्षीची कडक लांबी का फसली याचा हिशोब मांडला. दुपारी दोनला बंद गाडीत डॅशबोर्डचं तापमान मी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं होतं, ६७ अंश. मला वाटलं यंत्रच खोटं बोलतंय, पण ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी उन्हाळ्याच्या कडक दिवसांत गाड्या उभ्या करून मोजलं तेव्हा तासाभरात उन्हातल्या डॅशबोर्डचं सरासरी तापमान ६९ अंश आलं होतं, सावलीतल्याचं ४८. आता पहाटेच्या १७ पासून दुपारच्या ६७ पर्यंत ५० अंशांचा फरक धरा. सव्वा मीटर लांबीचा पत्रा तेवढ्यात पाऊण मिलिमीटर वाढतो. तेवढंच लांब कडक झालेलं पीव्हीसी मोकळं ठेवलं तर चारेक मिलिमीटर वाढेल. रोज वाढणार, रोज आकसणार. त्यात मध्ये न हलणारा दगड बसवला तर त्या दगडाशेजारी फाटणारच, दुसरं काय होणार.

म्हणून प्लास्टिकच्या बंपरसाठी येतो तो दोन भागांचा लवचिक भराव घेतला. मुख्य कामाला हात लावायच्या आधी कापलेल्या कातड्याच्या दोन तुकड्यांवर चाचणी केली, एकावर जुनी कडक लांबी, दुसऱ्यावर हा. दोन दिवस उन्हात ठेवून बोटांनी वाकवले. लांबी कटकन आवाज करून कडेला सुटली. लवचिकवाला वाकला आणि सरळ झाला. आवाज ऐकायला घरच्यांना बोलावलं होतं, कोणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

भरताना तीन-तीन मिलिमीटरचे दोन थर. दोन्ही नळ्यांतला माल अगदी सारखा घ्यायचा, रंग एकसारखा होईपर्यंत पसरून मिसळायचा, फेटायचा नाही, फेटला की हवा शिरते आणि घासताना खड्डे निघतात. शेवटचा थर पातळीच्या जरा वर ठेवला.

२३ मार्च, रविवार

घासणं, घासणं आणि घासणं. लवचिक भराव घासायला महा वैताग, पूर्ण वाळला नसेल तर भुकटी पडत नाही, खोडरबरासारख्या वळ्या पडतात आणि पेपर भरून जातो. दुपारी नाद सोडला आणि संध्याकाळी परत धरला, तोपर्यंत वाळला होता. ८० नंबरने उंचवटा उतरवला, मग १५०, मग २४०, सगळं लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की मऊ भागात खळगे पडतात.

डोळ्यांना सपाट दिसतं ते सपाट नसतं. पातळ सुती रुमाल पसरून त्यावरून डोळे मिटून तळवा फिरवला की उंचसखल लगेच कळतं, उघड्या हातापेक्षा जास्त कळतं, का ते माहीत नाही पण कळतं. शिवाय काळ्या स्प्रेचा दुरून हलका शिडकावा मारून वर पेपर फिरवायचा, जिथे काळं उरलं तिथे खड्डा. असे सात खड्डे निघाले, ते परत भरले.

मास्क लावूनच. पीव्हीसीची आणि भरावाची धूळ छातीत घेऊ नका.

२९ मार्च, शनिवार

मधल्या आठवड्यात डॅशबोर्ड रोज उन्हात. चार दिवस. टेंगूळ नाही, भेग नाही. हा धीर गेल्या वर्षी धरायला पाहिजे होता.

आता दाण्याचा प्रश्न. जुन्या कातड्यावर चामड्यासारखा दाणा आहे आणि भरलेला भाग गुळगुळीत, म्हणजे नुसता रंग मारला तर ठिगळ लांबून ओळखू येणार. रस्ते बरेच आहेत. वरून तयार प्लास्टिकची टोपी चिकटवता येते, पण ती झाकपाक झाली, आणि माझ्या मॉडेलची मिळतही नाही. रेक्झिन ताणून चिकटवता येतं, पण मीटरच्या छपराच्या आतल्या वळणात ते हमखास सुटतं. दुसरा मार्ग म्हणजे चांगल्या भागावर सिलिकॉनचा साचा घेऊन ओल्या भरावावर दाणा उमटवायचा, सगळ्यात सुंदर होतं म्हणतात, पण सांध्याची रेघ लपवायला हात पाहिजे आणि माझा तसा नाही. मी दाणेदार स्प्रे घेतला, आणि तो फक्त ठिगळांवर न मारता वरचा सगळा भाग आधी ३२० ने हलका घासून सबंध मारायचा ठरवलं. जुना दाणा जाईल, वाईट वाटलं, पण सगळीकडे सारखा दिसेल.

आधी पुठ्ठ्यावर सराव. ३० सेंटिमीटरवरून ओला आणि मोठा दाणा पडतो, ६० वरून बारीक आणि कोरडा. ४५ वर आमचं जमलं. पहिले दोन फवारे नेहमी पुठ्ठ्यावर सोडायचे, नळीतला पहिला माल थुंकल्यासारखा येतो.

५ एप्रिल, शनिवार

रंग.

मूळ रंग कुठला हे शोधायला ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणामागे बघावं लागलं, जिथे चाळीस वर्षांत ऊन गेलेलं नाही. आम्ही ज्याला राखाडी म्हणत होतो तो निळा होता! गडद, शाईसारखा. बाबांना दाखवला तर म्हणाले, "अरे हो, निळीच तर घेतली होती आतून."

प्लास्टिकवर रंग धरणारा प्रायमर एक पातळ हात, मग व्हिनाइलचा लवचिक रंग. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसलं पाहिजे. पंधरा मिनिटं थांबून दुसरा. दुसऱ्या हाताला उजव्या कोपऱ्यात, बाबा बसायचे त्या बाजूला, रंग मागे सरकला आणि बारीक गोल गोल खळ्या पडल्या, मधे टिंब आणि भोवती कडं, माशाचे डोळे. सिलिकॉन! जिथे ते राहतं तिथे ओला रंग पसरायला तयार नसतो, पावसाचं पाणी तेलकट फरशीवर गोळा होतं तसा आक्रसतो. तिथला रंग ओला असतानाच द्रावणाने पुसून काढला, पुन्हा दोन फडक्यांचा खेळ चार वेळा, मग परत दाणा, परत रंग. अर्धा दिवस गेला. तीस वर्षांचे रविवार आहेत ते, एका दिवसात कसे निघणार.

एकूण पाच हात. चकाकी अजिबात नको, मॅटच पाहिजे, नाहीतर दुपारी डॅशबोर्डचं सगळं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि रस्ता दिसत नाही. आणि रंगाच्या वाफांना धुळीचा मास्क चालत नाही, कार्बनच्या डब्यांचा पाहिजे, दार-खिडक्या उघड्या.

१२ एप्रिल, शनिवार

आठवडाभर सुकवून आज बसवला. पुठ्ठ्यावरचे स्क्रू बघून जीव सुखावला, पण भोकं जुळेनात. डावीकडचे तीन बसले की उजवीकडचं भोक दोन मिलिमीटर आत. म्हणजे डॅशबोर्ड खरंच आकसलाय. ओढून ताणून बसवायचा मोह झाला होता, तसं केलं असतं तर पहिल्याच उन्हात ताणाने सगळं परत फाटलं असतं. गोल कानशीने भोकं लांबट केली, मोठे वॉशर टाकले, सगळे स्क्रू आधी सैल लावले आणि मग कसले, तेही करकचून नाही, बोटाच्या जोरावर आणि वर पाव फेरा. मधला स्क्रू घट्ट, कडेचे जरा मोकळे, म्हणजे त्याला वाढायला जागा राहते. पत्रा जिथे प्लास्टिकला घासतो तिथे फेल्टची पट्टी चिकटवली, कुरकुर होऊ नये म्हणून.

२३ पैकी २२ जोड लगेच बसले. १४ नंबर सापडेना, टेपच गळून पडली होती. उजवा इंडिकेटर लागेना तेव्हा कळलं १४ नंबर कोण ते.

एक स्क्रू उरला. पुठ्ठ्यावर त्याचं भोकच नाही, म्हणजे तो मुळातच आत कुठेतरी पडलेला असणार, असं मी ठरवलंय.

पुढची काच आतून धुतली, फडकं पिवळं निघालं.

११ मे, रविवार

महिना झाला. गाडी मुद्दाम सावलीत न लावता जिथे मिळेल तिथे लावली, आता फसायचं तर लवकर फसू दे. थर्मामीटरवर एकदा ७१ अंश बघितले. मोठी भेग जिथे होती तिथे काही नाही, हात फिरवला तरी सांधा लागत नाही, तिरप्या उन्हात बघितलं तर दाणा जरा वेगळा आहे ते मला दिसतं कारण मला कुठे बघायचं ते माहितीये.

बाबा आज पहिल्यांदा आत बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत, तळवा फिरवत बसले, मग खिशातून रुमाल काढून नसलेली धूळ पुसली आणि म्हणाले, "चांगलं झालंय, पण जरा कोरडं वाटतं रे, पॉलिश मारलं नाहीस?" पॉलिशची बाटली मी गॅरेजच्या माळ्यावर ठेवलीय, रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या मागे.

एक गोष्ट मात्र आहे. डावीकडे काचेवर हवा मारायच्या फटीच्या टोकाला, जिथे मी काहीच केलं नव्हतं, तिथे केसासारखी रेघ आलीय. भराव नाही, जुनंच कातडं. अजून उघडलेली नाही, नखात अडकत नाही. तिच्या टोकापाशी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून पेन्सिलीने खूण केलीय, ११ मे, १८ मिलिमीटर. पुढच्या महिन्यात परत मोजतो.